विद्यापीठांतील शाश्वत विकासाचे शिक्षण : वर्गाकडून गावाकडे

शेतकऱ्याच्या घरी कितीही ओढाताण असली तरी पुढील पेरणीसाठी राखून ठेवलेले बियाणे सहसा खाण्यास काढले जात नाही. आजची भूक भागवावयाची, पण उद्याच्या पिकावर घाला घालावयाचा नाही, हा विवेक आपल्या ग्रामीण जीवनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. ‘शाश्वत विकास’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या कल्पनेचे सार याहून फारसे निराळे नाही. श्रीमती ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक पर्यावरण व विकास आयोगाने १९८७ साली आपल्या अहवालात ही कल्पना जगापुढे ठेवली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, मात्र पुढील पिढ्यांना त्यांच्या गरजा भागविणे अशक्य होईल अशा रीतीने नव्हे, असा तिचा आशय आहे.

घरात जो विवेक आपोआप पाळला जातो तो राज्याच्या, जिल्ह्याच्या आणि गावाच्या कारभारात मात्र आपोआप येत नाही. तेथे निर्णय घेणारे अभियंते, अधिकारी, बँकांचे व्यवस्थापक, डॉक्टर, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांच्यापैकी बहुसंख्य लोक आता महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांतून शिकून बाहेर पडतात. त्यांनी जे शिकले असेल तेच पुढे आराखड्यांत, अंदाजपत्रकांत आणि मंजुरीच्या शेऱ्यांत उतरते. उन्हाळ्यात विहिरीला किती पाणी राहते हे न पाहता नळ-योजनेचा आराखडा तयार झाला, तर टाकी उभी राहते, नळ बसतात आणि एप्रिलमध्ये गावात टँकर येतो. अशा वेळी दोष केवळ एका अधिकाऱ्याचा नसतो. त्याला जे शिक्षण मिळाले त्याचाही असतो. म्हणूनच विकसनशील देशांतील विद्यापीठांच्या शिक्षणात शाश्वत विकासाचा विचार कसा मुरवावा, हा प्रश्न जितका विद्वानांचा तितकाच ग्रामपंचायतीचाही आहे.

कल्पनेचा प्रवास

मानवी पर्यावरणाविषयीची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरली. तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी त्या परिषदेपुढे भाषण करून गरीब देशांची बाजू मांडली. दारिद्र्याचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, ही त्यांची भूमिका पुढील अनेक वर्षे विकसनशील देशांना मार्गदर्शक ठरली. त्यानंतर १९७७ साली तत्कालीन सोव्हिएत संघातील तिबिलिसी येथे युनेस्को व संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांच्या वतीने पर्यावरण-शिक्षणाची आंतरशासकीय परिषद झाली. पर्यावरण हा अभ्यासक्रमाच्या शेवटी जोडावयाचा आणखी एक विषय नव्हे. तो सर्व विषयांमधून, प्रत्यक्ष प्रश्नांच्या आधारे आणि आयुष्यभर शिकावयाचा विषय आहे, हे सूत्र त्या परिषदेने दिले. आज जवळजवळ अर्धशतक लोटले तरी या सूत्रात बदल करण्याची गरज पडलेली नाही. गरज आहे ती ते अमलात आणण्याची.

१९९० साली फ्रान्समधील ताल्वार येथे अनेक देशांच्या विद्यापीठ-प्रमुखांनी एकत्र येऊन या कामी विद्यापीठांची जबाबदारी मान्य करणारा जाहीरनामा काढला. १९९२ च्या रिओ परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण मिळाले. २००५ ते २०१४ हे दशक संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक म्हणून पाळले, आणि २०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांपैकी चौथ्या, म्हणजे शिक्षणाच्या उद्दिष्टात या शिक्षणाचा स्पष्ट अंतर्भाव झाला.

भारतातील वाटचाल

आपल्या देशात या विचाराला राज्यघटनेचा आधार आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-क अन्वये पर्यावरणाचे व वनांचे रक्षण हे राज्याचे धोरण ठरले आणि अनुच्छेद ५१-क (छ) अन्वये ते प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य झाले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यावरणविषयक जाणीव शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर असावी असे म्हटले.

तथापि, महाविद्यालयीन शिक्षणात हा विषय सक्तीने आला तो न्यायालयाच्या मार्गाने. विधिज्ञ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय देऊन शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरणाचे शिक्षण देण्याचे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे २००३ साली न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. या अभ्यासक्रमात ८ घटक व ५० तासिका होत्या. त्यांपैकी ४५ तासिका वर्गातील अध्यापनासाठी आणि ५ तासिका क्षेत्रकार्यासाठी राखलेल्या होत्या. १०० गुणांच्या परीक्षेत २५ गुण क्षेत्रकार्याला होते. जवळची नदी, डोंगर वा गवताळ रान पाहून त्याची नोंद करणे, एखाद्या प्रदूषित जागेला भेट देणे, परिसरातील झाडे, कीटक व पक्षी ओळखणे, अशी कामे त्यात अपेक्षित होती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यावरण-शिक्षणाचा पुन्हा पुरस्कार केला आणि २०२३ साली आयोगाने पदवीपातळीसाठी नवा आराखडा दिला. हवामान-बदल, जैवविविधता, कचरा-व्यवस्थापन व शाश्वत विकास या विषयांना त्यात ठळक स्थान असून स्थानिक उदाहरणांचा अभ्यास व क्षेत्रकार्य यांवर भर आहे. म्हणजे आदेश आहेत, अभ्यासक्रम आहे, पुस्तकेही आहेत. मग अडते कोठे?

अभ्यासक्रम आहे, अडते कोठे?

पहिली अडचण परीक्षेची आहे. ज्या विषयाचे गुण श्रेणीत धरले जात नाहीत, किंवा ज्यात केवळ उत्तीर्ण होणे पुरते, त्या विषयाकडे विद्यार्थी आणि महाविद्यालय दोघेही औपचारिकता म्हणून पाहू लागतात. क्षेत्रकार्याचा अहवाल मागील वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीतून उतरविला जातो. नदी तीच, छायाचित्रे तीच, निष्कर्षही तेच. जो विषय नदीकाठी उभे राहून शिकावयाचा तो नदी न पाहताच पूर्ण होतो.

दुसरी अडचण शिक्षकांची. हा विषय कोणाचाच नसल्यामुळे ज्याच्या तासिका कमी पडतात त्याच्याकडे तो जातो. वाणिज्य किंवा इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकाने तो शिकवू नये असे मुळीच नाही. उलट, त्यांनी तो आपल्या विषयाच्या अंगाने शिकविला तर फार उपयोग होईल. परंतु त्यासाठी त्यांना ना प्रशिक्षण मिळते, ना वेळ, ना गावापर्यंत जाण्याचा खर्च.

तिसरी अडचण विषयांच्या कप्प्यांची. अभियांत्रिकीचा विद्यार्थी बंधाऱ्याच्या भिंतीची जाडी काढतो, पण त्या बंधाऱ्याचे पाणी कोणाच्या विहिरीत उतरेल हे विचारणे त्याच्या अभ्यासात येत नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी तो प्रश्न विचारू शकतो, परंतु भिंतीविषयी त्याला काही सांगता येत नाही. गावाचा प्रश्न मात्र अशा कप्प्यांत विभागलेला नसतो.

चौथी अडचण भाषेची आहे आणि ती वाटते त्याहून मोठी आहे. मुरूम, मांजऱ्या, कातळ, चुनखड, बरड, ओघळ, पाझर, गायरान हे शब्द वापरणाऱ्या शेतकऱ्याजवळ भूमीचे सूक्ष्म ज्ञान असते. त्याच गावात वाढलेला विद्यार्थी महाविद्यालयात तोच विषय परक्या परिभाषेत शिकतो आणि आपल्या आजोबांचे ज्ञान व आपल्या पुस्तकातील ज्ञान एकच आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. दोन्ही ज्ञानांची गाठ घालून देणे हे मातृभाषेतील उच्च शिक्षणाचे एक महत्त्वाचे काम आहे.

एका गावाचे पाणी : एक पाठ

हे शिक्षण प्रत्यक्षात कसे असावे, याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे, लोकसंख्या २,००० आहे आणि त्या वर्षी तेथे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. या पावसाचे पाणी किती? एका हेक्टरवर ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर; संपूर्ण गावावर ५० लाख घनमीटर, म्हणजे ५०० कोटी लिटर. आता पिण्याच्या व घरगुती पाण्याची गरज काढू. जलजीवन मिशनच्या मानकाप्रमाणे दरडोई दररोज ५५ लिटर धरले तर २,००० लोकांना दिवसाला १ लाख १० हजार लिटर आणि वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर पाणी लागते. गावावर पडलेल्या पावसाच्या शेकडा एक भागापेक्षाही ही गरज कमी आहे. असे असताना त्या गावात एप्रिलमध्ये टँकर का येतो?

या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जवळजवळ सर्व विद्याशाखा लागतात. पावसाचे बरेचसे पाणी जमिनीतून व पिकांतून हवेत परत जाते, काही ओढ्यानाल्यांतून वाहून जाते आणि थोडेच जमिनीत मुरते. हे भूगोलाच्या विद्यार्थ्याने मोजावयाचे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे; या खडकात पाणी साठते ते मुख्यतः त्याच्या झिजलेल्या थरांत व भेगांत, म्हणून साठा मर्यादित आणि जागोजागी निराळा असतो; हे भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने विहिरी पाहून समजून घ्यावयाचे. कोणत्या पिकाला किती पाणी लागते हे कृषी व वनस्पतिशास्त्राचे काम. उसाला वर्षभरात २ मीटर उंचीइतके पाणी दिले असे धरले, तर एका हेक्टरला २०,००० घनमीटर पाणी होते. म्हणजे केवळ दोन हेक्टर ऊस त्या संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याइतके पाणी घेतो. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्गात शांतता पसरते. कारण विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी तो ऊस असतो आणि काहींच्या घरी आई हंडा घेऊन टँकरची वाट पाहत असते.

येथून पुढचे प्रश्न अर्थशास्त्राचे व समाजशास्त्राचे आहेत. शेतकरी ऊस का लावतो? त्याला भावाची व खरेदीची जी निश्चिती उसात मिळते ती ज्वारीत वा हरभऱ्यात मिळत नाही, हे समजून न घेता त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. जमिनीखालील पाणी सर्वांचे असले तरी ज्याची विंधणविहीर अधिक खोल त्याला ते अधिक मिळते, आणि भूमिहीनांच्या वस्तीवरचा हातपंप सर्वांत आधी कोरडा पडतो. हे का घडते? ‘महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९’ याविषयी काय सांगतो, हे राज्यशास्त्राच्या व विधीच्या विद्यार्थ्याने पाहावयाचे. आणि या सर्व अभ्यासाचे सार गावाला समजेल अशा सोप्या, नेमक्या मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखविणे, हे मराठी विषयाच्या विद्यार्थ्याचे काम. भाषेच्या विद्यार्थ्याला याहून चांगली परीक्षा कोणती?

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची पद्धत रूढ केली. शेतीसाठी खोल विंधणविहिरी घ्यावयाच्या नाहीत आणि अधिक पाणी पिणारी पिके टाळावयाची, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावांच्या पाण्याचा ताळेबंद काढण्यासाठी जी गणनपद्धती वापरण्यात आली ती मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केली. गावाचा अनुभव आणि उच्च शिक्षणसंस्थेचे ज्ञान एकत्र आले म्हणजे काय साधते याची ही दोन बोलकी उदाहरणे होत.

इतर देशांचे अनुभव

आपल्यासारख्याच परिस्थितीतून जाणाऱ्या इतर देशांनी या दिशेने काय केले, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. घाना या आफ्रिकी देशाचा उत्तर भाग कोरडा व तुलनेने मागासलेला आहे. तेथील तमाले या शहरात १९९२ साली ‘विकास-अध्ययन विद्यापीठ’ स्थापन झाले. वर्षाचे तीन सत्रांत विभाजन करून तिसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन राहावे, अशी योजना या विद्यापीठाने सुरुवातीपासून केली. निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी एकाच गटात राहून गावाची माहिती गोळा करतात, गावकऱ्यांबरोबर अडचणींची चर्चा करतात आणि पुढील टप्प्यात उपाय सुचवितात. कप्प्यांची अडचण दूर करण्याचा हा सरळ मार्ग आहे : विद्यार्थ्यांना एका घरात राहावयास लावले की विषयही एकत्र नांदू लागतात.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या छोट्या देशात उष्ण व दमट प्रदेशातील शेतीसाठी ‘अर्थ’ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ १९८६ च्या कायद्याने स्थापन झाले व १९९० मध्ये सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांना शेतावर प्रत्यक्ष श्रम करावे लागतात. शिवाय, विद्यार्थ्यांचे गट विद्यापीठाकडून कर्ज घेऊन छोटा उद्योग चालवितात, त्याचा जमाखर्च ठेवतात आणि कर्ज फेडतात. जमीन व पाणी राखून चालविलेला उद्योग हिशेबातही टिकला पाहिजे, हा धडा पुस्तकाने देता येत नाही.

आफ्रिका खंडात २००४ साली संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने तेथील विद्यापीठांच्या सहकार्याने पर्यावरण व शाश्वतता हे विषय सर्व विद्याशाखांत आणण्याचा उपक्रम हाती घेतला. नवे विभाग काढण्याऐवजी आहे त्याच अभ्यासक्रमांत, आहे त्याच अध्यापकांना तयार करून बदल घडवावा, असा त्याचा रोख होता. अपुऱ्या साधनांच्या देशांना हाच मार्ग परवडणारा आहे.

या अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट होते. श्रीमंत देशांतील विद्यापीठांत या चळवळीचा भर बव्हंशी विद्यापीठाच्या आवारावर असतो : वीज किती वापरली, कचरा किती झाला, इमारती कशा बांधल्या. आपल्याकडेही वसतिगृहातील उष्ट्या अन्नाचे खत करणे, छपरावरचे पाणी विहिरीत सोडणे, सौरऊर्जा वापरणे ही कामे व्हावयास हवीत. परंतु विकसनशील देशातील विद्यापीठाने तेवढ्यावर थांबून चालणार नाही. त्याच्या कुंपणाबाहेर लगेच प्रश्न उभे असतात आणि त्याच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण तेथूनच आलेले असतात.

महाराष्ट्राची परंपरा आणि साधने

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पावसाचे पाणी जमिनीत मुरावे व सुपीक माती वाहून जाऊ नये यासाठी ठिकठिकाणी बांध-बंधारे घालावेत अशी सूचना केली होती आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण देण्याचा आग्रह धरला होता. पाणलोट-विकासाचे तंत्र आणि शिक्षण यांची सांगड या द्रष्ट्या पुरुषाने जवळजवळ दीड शतकापूर्वी घातली होती. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षणाचा विचार मांडला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली सातारा येथे काढलेल्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजविली. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली होती.

साधनांचाही आपल्याकडे अभाव नाही. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठांच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यांत जातात. ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ ही नावे आता गावोगावी परिचयाची झाली आहेत. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि सात दिवसांच्या शिबिरात गावी राहतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून काम करीत आहे. केंद्र शासनाने २०१४ साली सुरू केलेल्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षणसंस्थांनी जवळची खेडी निवडून तेथील प्रश्नांचा अभ्यास करावा अशी अपेक्षा आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी जो श्रेयांक-आराखडा ठरविला त्यात क्षेत्र-प्रकल्प, समाजसंपर्क व सेवा आणि कार्यप्रशिक्षण यांना पदवीच्या अभ्यासात अधिकृत स्थान मिळाले आहे. पूर्वी जे काम विद्यार्थ्याने अभ्यास सांभाळून करावयाचे होते ते आता अभ्यासच ठरू शकते. ही मोठी संधी आहे.

गावाचे म्हणणे

या संधीचा उपयोग करताना एका गोष्टीचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे. मुले येतात, घरोघर फिरून प्रश्नावल्या भरून घेतात, छायाचित्रे काढतात, निरोप-समारंभ होतो आणि पुढे काय झाले ते आम्हाला कळत नाही, ही तक्रार अनेक गावांतून ऐकू येते. ती खरी आहे. ज्या बाईने मजुरीचा वेळ मोडून आपल्या घरातील सरपणाची, पाण्याची आणि आजारपणाची माहिती दिली, तिला तिच्या उत्तराचे काय झाले हे जाणून घेण्याचा हक्क आहे. गाव ही विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु प्रयोगशाळेतील वस्तूंना मन नसते, गावाला असते.

याच्या उलट चित्रही आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने गावातच अभ्यासगट चालवून, बाहेरच्या जाणकारांना आपल्या प्रश्नांवर बोलावून आणि सर्वसहमतीने निर्णय घेऊन आपले जंगल सांभाळले. २००९ मध्ये या गावाला वनहक्क अधिनियमानुसार सामूहिक वनहक्क मिळाले. तेथे प्रश्न गावाने विचारला आणि विद्वान मदतीस आले. विद्यापीठ आणि गाव यांचे नाते कसे असावे याचा हा वस्तुपाठ आहे.

कोणी काय करावे?

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी पर्यावरण हा स्वतंत्र पेपर ठेवतानाच आपापल्या विषयात त्याला जागा द्यावी. हिशेबनीस होणाऱ्याला जमीन व पाणी यांच्या झिजेचा हिशेब समजला पाहिजे. स्थापत्य अभियंत्याला उगमापासून सांडपाण्यापर्यंतचा प्रवास माहीत हवा. क्षेत्रकार्याचे गुण खरोखर मूल्यमापन करून द्यावेत आणि त्या मूल्यमापनात गावाच्या प्रतिनिधीचा अभिप्राय घ्यावा.

प्राचार्यांनी दरवर्षी नवे गाव निवडण्याचा मोह टाळावा. एकाच गावाशी पाच-दहा वर्षे संबंध राखला तर पहिल्या तुकडीने मोजलेल्या विहिरी पुढची तुकडी पुन्हा मोजेल आणि बदल दिसू लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदविते. त्या वेळांशी जुळवून विद्यार्थ्यांनी गावातील इतर विहिरींची नोंद ठेवली तर कमी खर्चात एक मोलाची माहिती जमा होईल.

जिल्हा व तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयातील नकाशे, पर्जन्यमानाच्या नोंदी व योजनांची माहिती महाविद्यालयांना सहजपणे उपलब्ध करून द्यावी आणि विद्यार्थ्यांच्या चांगल्या अहवालांची दखल घ्यावी. आपला अहवाल कोणी वाचला, त्यावरून एक बंधारा दुरुस्त झाला, एवढे कळले तरी विद्यार्थ्याला जे बळ मिळते ते प्रमाणपत्राने मिळत नाही.

ग्रामपंचायत सदस्यांनी विद्यार्थी येण्याची वाट न पाहता स्वतः महाविद्यालयाचे दार ठोठवावे. ग्रामपंचायतीला दरवर्षी विकास आराखडा तयार करावा लागतो. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. २०२० साली सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भाग घेणाऱ्या गावांना भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांनुसार केलेल्या कामाच्या नोंदी लागतात. या प्रत्येक कामात जवळच्या महाविद्यालयाचा एखादा विभाग साह्य करू शकतो. मात्र, काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : अभ्यास संपल्यावर त्याचे निष्कर्ष ग्रामसभेत मराठीतून सांगितले जातील आणि गोळा झालेल्या माहितीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहील.

शाळांतील शिक्षकबंधू व भगिनींचाही यात वाटा आहे. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेलेला असतो. शाळेच्या छपरावर पडणारा पाऊस मोजलेले मूल पुढे गावाचे पाणी सहज मोजू शकेल.

समारोप

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो लोकांनी खडी फोडली आणि त्या अनुभवातून रोजगार हमीचा विचार देशाला मिळाला. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. या दोन प्रसंगांच्या दरम्यान राज्यात विद्यापीठे वाढली, तालुक्या-तालुक्याला महाविद्यालये निघाली, पदवीधरांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. एवढे शिक्षण वाढूनही आपल्या गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडू शकणारी माणसे गावात का नसावीत, हा प्रश्न आपण सर्वांनी स्वतःला विचारला पाहिजे.

त्याचे उत्तर नव्या आदेशात किंवा आणखी एका पाठ्यपुस्तकात नाही. महाविद्यालय आणि गाव यांच्यामधील पाच-दहा मैलांचा रस्ता विद्यार्थ्यांनी, अध्यापकांनी आणि गावकऱ्यांनी दोन्ही बाजूंनी चालू लागण्यात ते आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या तालुक्यातील एका महाविद्यालयाने एका गावाच्या विहिरी मोजण्यास प्रारंभ केला आणि पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत त्याचा हिशेब वाचून दाखविला, तर रब्बीची पेरणी ठरविताना त्या गावाच्या हाती अंदाजाऐवजी आकडे असतील. पुढील पेरणीचे बियाणे राखण्याचा जुना विवेक नव्या शिक्षणाच्या साह्याने गावाच्या पाण्यालाही लागू होईल. विद्यापीठाने समाजाला द्यावयाचे देणे याहून मोठे असू शकत नाही.